ज्यास रोगी ओळखीत नाहीं असा वैद्य

दहावीच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ‘पुढें आपण कोण होणार?’ असा प्रश्न घातला, म्हणजे पुष्कळ मुलांच्या तोंडून ‘डॉक्टर’ हें एकच उत्तर येतें, असा आमचा नेहमींचा अनुभव आहे. तें ऐकून आईबापांस धन्यता वाटते आणि शिक्षकांसही समाधान होतें. परंतु त्याच मुलांस ‘डॉक्टर म्हणजे काय करणारा?’ असें पुन्हां विचारलें, तर त्यांच्या डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहतें तें ठराविक असतें : गळ्यांत नळी, दारावर नांवाची पाटी, बाहेर रोग्यांची रांग, आणि बरा होऊन आभार मानीत घरीं जाणारा माणूस. हें चित्र खोटें नव्हे. परंतु तें अपुरें आहे. वैद्यकविद्येची एक शाखा अशी आहे कीं, तींतील वैद्यास त्याचा रोगी बहुधा ओळखीतही नाहीं. रोगी त्याच्या हातीं येतो तेव्हां पुष्कळदां बेशुद्ध असतो, आणि तो नीट सावध होऊन बोलूं लागतो तोंवर त्यास दुसऱ्या खोलींत हलविलेलें असतें. त्या वैद्याविषयीं, आणि तो जें संशोधन करतो त्याविषयीं, विद्यार्थ्यांस व पालकांस दोन शब्द सांगावे, असा ह्या लेखाचा हेतु आहे.

अतिदक्षता विभाग, ज्यास सर्वत्र ‘आय. सी. यू.’ म्हणतात, तो आपल्यापैकीं बहुतेकांनीं दाराबाहेरूनच पाहिलेला असतो. २०२० व २०२१ ह्या दोन वर्षांत कोविडच्या सांथीमुळें हें नांव घरोघर पोंचलें, आणि त्याबरोबर त्याची भीतीही पोंचली. त्या दारापलीकडें काय चालतें, हें मात्र थोड्यांस ठाऊक आहे. तेथील वैद्य मूळ रोग बरा करतोच असें नाहीं. रोग्याचा श्वास अडला तर तो श्वास चालवितो. रक्तदाब ढासळला तर तो सांवरून धरतो. मूत्रपिंड थकलें तर त्याचें काम यंत्राकडून करवून घेतो. औषध लागू पडेपर्यंत, अथवा शरीर स्वतः सावरेपर्यंत, मृत्यूस दारांत थोपवून धरावयाचें, एवढेंच त्याचें काम. १६६० सालीं बाजीप्रभूंनीं खिंड लढविली ती शत्रूचा निःपात करण्यासाठीं नव्हे, तर महाराज विशाळगडावर पोंचेपर्यंत वेळ मिळावा म्हणून. अतिदक्षतेचा वैद्य हाही असाच खिंड लढविणारा आहे. गडावर कोण पोंचलें हें सर्वांस दिसतें. खिंडींत कोण उभें होतें, हें मुद्दाम सांगावें लागतें.

परंतु केवळ धैर्यासाठीं त्याचा गौरव करावा, असा आमचा आग्रह नाहीं. धैर्य पुष्कळांपाशीं असतें. आमच्या मतें ह्या वैद्याचा खरा मोठेपणा, ‘मी जें करीत आहें त्यानेंच हा रोगी वांचत आहे काय?’ हा प्रश्न स्वतःस विचारण्यांत आहे. आणि त्याचें उत्तर आपल्याविरुद्ध आलें तरी तें लिहून जाहीर करण्यांत आहे. उपचार व संशोधन हीं दोन निराळीं कामें आहेत असें लोक समजतात. ह्या शाखेचा इतिहास पाहिला तर तीं एकाच माणसाच्या दोन हातांसारखीं आहेत, असें दिसून येईल.

ह्या शाखेचा जन्मच अशा एका शंकेंतून झाला. १९५२ सालच्या उन्हाळ्यांत डेन्मार्क देशाची राजधानी कोपनहेगन येथें पोलिओची भयंकर सांथ उद्भवली. ब्लेगडॅम नांवाच्या रुग्णालयांत नित्य नवे रोगी येऊं लागले, आणि त्यांत मुलें पुष्कळ होतीं. ज्यांचे घशाचे व श्वासाचे स्नायू लुळे पडत त्यांचा धीर धरवत नसे. त्या काळीं अशा रोग्यास लोखंडी पेटींत निजवीत आणि पेटींतील हवेचा दाब कमीजास्त करून त्याचा श्वास चालवीत. तशी पेटी त्या रुग्णालयांत एकच होती. छातीवर बसविण्याचीं लहान यंत्रें सहा होतीं. आरंभीं यंत्रावर ठेवलेल्या ३१ रोग्यांपैकीं २७ दगावले. त्यांच्या रक्तांत कार्बन-डाय-ऑक्साइडचा अंश फार वाढलेला आढळे. रक्त कांहीं अज्ञात कारणानें क्षारधर्मी झालें असावें, असा अर्थ मोठमोठ्या डॉक्टरांनीं लाविला होता.

अशा वेळीं ब्यॉर्न इब्सेन नांवाच्या ३६ वर्षांच्या डॉक्टरास सल्ल्यासाठीं बोलाविण्यांत आलें. हा पोलिओचा जाणकार नव्हता. शस्त्रक्रियेच्या वेळीं रोग्यास भूल देणें व तोंवर त्याचा श्वास सांभाळणें, हें त्याचें काम; त्याचें कांहीं शिक्षण त्यानें अमेरिकेंत बोस्टन येथें घेतलें होतें. त्यानें मृत रोग्यांच्या तपासणीचे कागद पाहिले, रक्ताचे आंकडे पाहिले, आणि तो म्हणाला कीं हा क्षार नव्हे. ह्या रोग्यांस श्वास पुरेसा सोडतां येत नाहीं म्हणून तो वायु आंत सांचत आहे, आणि ते आपल्याच श्वासानें गुदमरत आहेत. २७ ऑगस्ट १९५२ रोजीं बारा वर्षांच्या एका मरणोन्मुख मुलीवर त्यास आपलें म्हणणें सिद्ध करून दाखविण्याची संधि मिळाली. तिच्या श्वासनलिकेस छिद्र पाडून आंत नळी बसविली, आणि नळीस रबराची पिशवी जोडून ती हातानें दाबावयास आरंभ केला. प्रथम हवा आंत जाईना. मुलगी घुसमटून धडपडूं लागली. तेव्हां इब्सेननें तिला भुलीचें औषध दिलें. धडपड थांबली, तिचा स्वतःचा उरलासुरला श्वासही थांबला, आणि पिशवींतील हवा सुरळीत आंत जाऊं लागली. थोड्याच वेळांत तिची प्रकृति सुधारूं लागली.

पुढें जें घडलें तें विद्यार्थ्यांनीं विशेष लक्षांत ठेवावें. पिशवी होती, परंतु ती दाबणारें यंत्र नव्हतें. मग कोपनहेगनचे वैद्यकीय विद्यार्थी पुढें आले. सुमारें पंधराशें विद्यार्थ्यांनीं पाळ्या लावून, रोग्यांच्या उशाशीं बसून, रात्रंदिवस महिनोन्‌महिने त्या पिशव्या हातानें दाबल्या. एका वेळीं सत्तर रोगी अशा रीतीनें इतरांच्या हातांनीं श्वास घेत होते, अशीही वेळ आली. शंभरांत ऐशींहून अधिक रोगी मरत होते, तें प्रमाण चाळिसांच्या आसपास आलें आणि पुढें त्याहूनही खालीं गेलें. त्याच सांथीच्या गरजेंतून पॉल आस्ट्रुप ह्या डॉक्टरानें रक्तांतील आम्लता व वायु लवकर मोजण्याची रीत बसविली. १९५३ च्या डिसेंबरांत इब्सेननें कोपनहेगनच्याच दुसऱ्या एका रुग्णालयांत सर्व प्रकारच्या अत्यवस्थ रोग्यांसाठीं स्वतंत्र विभाग उघडला. जगांतील अतिदक्षता विभागांचा उगम बहुतेक इतिहासकार तेथें मानतात.

ह्या कथेचा शेवट सर्वस्वीं गोड नाहीं, आणि तो गोड करून सांगणें आम्हांस रुचत नाहीं. ती मुलगी वांचली व पुढें अनेक वर्षें जगली. परंतु तिचें अंग लुळेंच राहिलें. अतिदक्षतेच्या वैद्याचें यश पुष्कळदां असें अपुरें असतें. तरीही इब्सेनपाशीं नवें औषध नव्हतें कीं नवें यंत्र नव्हतें. नळी व पिशवी शस्त्रक्रियेच्या खोलींत रोजच वापरांत होती. त्यानें केलें एवढेंच कीं, सर्वमान्य अर्थ मान्य न करतां आंकड्यांकडे पुन्हां एकदां पाहिलें.

पुढें हाताच्या जागीं यंत्र आलें, आणि त्याबरोबर एक नवाच धोका आला. कांहीं रोग्यांचीं फुप्फुसें सुजून त्यांत पाणी भरतें व प्राणवायु रक्तांत जाईनासा होतो. अशा रोग्यांस यंत्रानें मोठमोठे श्वास देण्याचा परिपाठ पडला. त्यामुळें रक्तांतील प्राणवायूचा आंकडा चांगला दिसे, आणि आंकडा चांगला म्हणजे उपचार चांगला, असें वैद्य मानीत. कांहीं जणांस मात्र शंका आली कीं, हे मोठे श्वास फुप्फुसाच्या उरल्यासुरल्या चांगल्या भागावर ताण तर देत नसतील? अमेरिकेंत अनेक विद्यापीठांच्या रुग्णालयांनीं मिळून ह्या शंकेचा निकाल लाविला. ८६१ रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोन गट केले. एका गटास शरीराच्या अपेक्षित वजनाच्या दर किलोमागें १२ मिलिलिटरचा श्वास, दुसऱ्यास त्याच्या निम्मा. मोठ्या श्वासाच्या गटांत शंभरांत सुमारें चाळीस रोगी दगावले. लहान श्वासाच्या गटांत एकतीस. २००० सालीं हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ह्यांतील विलक्षण गोष्ट अशी कीं, पहिल्या दिवशीं रक्तांतील प्राणवायूचा आंकडा ज्या गटांत अधिक चांगला होता, त्याच गटांत पुढें अधिक माणसें मेलीं! आंकडा वैद्याची पाठ थोपटीत होता आणि रोगी हातचा जात होता. चिठ्ठ्या टाकून गट केले नसते, तर हें कोणत्याही अनुभवी वैद्याच्या नजरेस आलें नसतें, असें आम्हांस वाटतें.

‘सुंठीवांचून खोकला गेला’ अशी आपल्यांत एक म्हण आहे. आम्हीं ती नेहमीं अडचण आपोआप टळली ह्या अर्थीं वापरतों. परंतु वैद्यकीय संशोधनाचें सारें मर्म तींत आहे. खोकला गेला हें सर्वांस दिसतें. तो सुंठीनें गेला कीं सुंठीवांचून गेला, हें ठरविणें अवघड आहे. ज्यानें सुंठ दिली तो सांगेल कीं सुंठीनेंच गेला, आणि तो लबाड असतो असेंही नाहीं. त्यास मनापासून तसें वाटत असतें. कोविडच्या वेळीं हें आपण सर्वांनीं अनुभविलें आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या गोळ्यांसाठीं लोक औषधांच्या दुकानांपुढें धांवत होते. इंग्लंडमध्यें २०२० सालीं हजारों रोग्यांवर रीतसर तुलना झाली, तेव्हां रुग्णालयांतील रोग्यांस त्या औषधाचा लाभ नाहीं असें ठरलें. त्याच तुलनेंत डेक्सामिथासोन हें जुनें, अगदीं स्वस्त औषध खरें उतरलें. श्वासयंत्रावर असलेल्या रोग्यांतील मृत्यु त्यानें सुमारें एक-तृतीयांशानें कमी झाले. गर्जना एका औषधाची झाली आणि गुण दुसऱ्याचा आला.

येथें कोणी सुज्ञ पालक असा आक्षेप घेतील कीं, मरणाच्या दारीं असलेल्या माणसावर चिठ्ठ्या टाकून उपचार करणें हें माणुसकीस धरून आहे काय? हा आक्षेप क्षुल्लक नाहीं, आणि म्हणूनच अशा प्रयोगांस नीतिविषयक समितीची परवानगी व रोग्याची अथवा त्याच्या नातलगांची संमति घ्यावी लागते. परंतु आम्हीं उलट असें विचारतों कीं, दोहोंपैकीं कोणता उपचार बरा हें जेव्हां कोणासच ठाऊक नसतें, तेव्हां वैद्य जो उपचार देतो तो अंदाजच नव्हे काय? फरक एवढाच कीं, प्रयोगांत तो अंदाज नोंदला जातो व त्याचा पडताळा पाहिला जातो. एरवीं तो रोग्याबरोबरच नाहींसा होतो. न नोंदलेली चूक उद्यांच्या रोग्यावर पुन्हां होते.

कोणी असेंही म्हणेल, हीं सारीं दूरच्या देशांचीं व मोठ्या खर्चाचीं उदाहरणें झालीं. आमच्या मुलांस त्यांचा काय उपयोग? म्हणून आतां घरचें उदाहरण देतों. रायगड जिल्ह्यांत महाडजवळ बिरवाडी म्हणून गांव आहे. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत १९७६ सालीं डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर रुजू झाले. त्यांचा जन्म १९५१ सालीं मराठवाड्यांतील एका खेड्यांत, शेतकऱ्याच्या घरीं झालेला. कोंकणांतील लाल विंचवाचा दंश त्या काळीं मृत्यूचें बोलावणेंच समजला जाई. दंश झालेलें मूल घामानें निथळे, ओकाऱ्या होत, हातपाय गार पडत, आणि कांहीं तासांनीं फुप्फुसांत पाणी भरून प्राण जाई. गंभीर रोग्यांपैकीं शंभरांत तीस-चाळीस दगावत. जीं औषधें देण्याची वहिवाट होती त्यांचा गुण दिसत नसे.

तेथें श्वासयंत्र नव्हतें कीं प्रयोगशाळा नव्हती. डॉ. बावस्करांपाशीं डोळे होते, कान होते आणि नोंदवही होती. रोग्याच्या उशाशीं जागून ते नाडी, रक्तदाब व श्वास टिपीत राहिले. १९८२ सालीं त्यांचीं निरीक्षणें ‘लॅन्सेट’ ह्या लंडनच्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालीं. विंचवाच्या विषानें शरीरांतील उत्तेजक द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय त्या ताणाखालीं हतबल होतें आणि म्हणून फुप्फुसांत पाणी भरतें, असें त्यांस आढळून आलें. मग आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारें प्राझोसिन हें रक्तदाबावरील साधें औषध त्यांनीं वापरून पाहिलें. मृत्यूचें प्रमाण उतरत उतरत शंभरीं एकाच्या आसपास आलें. बिरवाडीसारख्या ठिकाणीं उशाशीं बसून केलेलें हें काम अतिदक्षताच होय. फक्त दारावर तशी पाटी नव्हती.

परंतु आम्हांस ह्याहूनही मोठी वाटते ती पुढील गोष्ट. ज्या औषधानें कीर्ति दिली त्या औषधावर माणूस संतुष्ट राहता. डॉ. बावस्कर व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर ह्यांनीं तेंच औषध कसोटीस लाविलें. विंचूदंशाच्या ७० रोग्यांपैकीं ३५ जणांस केवळ प्राझोसिन दिलें, आणि ३५ जणांस त्याच्या जोडीस विंचवाच्या विषावरील लसही दिली. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटांत आठ निघाले, दुसऱ्यांत बत्तीस! आपल्या हातचें औषध एकट्यानें पुरेसें नाहीं, त्यास जोड हवी, हें त्यांनीं २०११ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें स्वतःच्याच नांवानें जगास सांगितलें. २०२२ सालीं सरकारनें डॉ. बावस्करांस पद्मश्री दिली. ती योग्यच होती. परंतु सत्तर रोग्यांच्या त्या नोंदी आम्हांस त्या पदवीहून मोलाच्या वाटतात.

आतां पालकांशीं थोडें स्पष्ट बोलावयाचें आहे. हा मार्ग लांबचा आहे. बारावीनंतर वैद्यकाचीं साडेपांच वर्षें, मग तीन वर्षें एम्. डी., आणि ह्या शाखेंत पुढें जावयाचें तर आणखी तीन वर्षें डी. एम्.; म्हणजे एकूण साडेअकरा वर्षें झालीं. सोबतीचीं मुलें संसारास लागतील तेव्हां तुमचा मुलगा किंवा मुलगी रात्रपाळीस जागत बसेल. दारावर नांवाची पाटी लावून मिळते ती प्रतिष्ठा ह्या शाखेंत कमी. शस्त्रक्रिया करणाऱ्याचें नांव रोगी जन्मभर घेतो. ज्यानें पुढच्या आठ रात्रीं त्याचा श्वास सांभाळला त्याचें नांव त्यास ठाऊकही नसतें. शिवाय सर्व प्रयत्न करूनही रोगी जातो, आणि तें त्याच्या आईस, तिच्या नजरेस नजर देऊन, ह्याच वैद्यास सांगावें लागतें. केव्हां यंत्राचा उपयोग उरला नाहीं, हेंही त्यालाच प्रामाणिकपणें बोलावें लागतें. हें ओझें ज्यास पेलवणार नाहीं त्यास केवळ गुण चांगले मिळाले म्हणून ह्या वाटेनें ढकलूं नये. परंतु ज्याची ओढ खरोखर इकडें आहे, त्यास ‘पैसा किती मिळेल?’ ह्या एका प्रश्नानें मागें ओढूं नये, अशी आमची विनंति आहे.

विद्यार्थीमित्रहो, ह्या वाटेचा आरंभ वैद्यकीय महाविद्यालयांत होतो असें समजूं नका. तो आपल्याच शाळेच्या प्रयोगशाळेंत होतो. लंबकाचा प्रयोग करतांना पुस्तकांतील उत्तर आधीं पाहावयाचें आणि मग त्यास जुळतील असे आंकडे वहींत भरावयाचे, ही विद्या तुम्हांपैकीं पुष्कळांस अवगत आहे, हें आम्हांस ठाऊक आहे. आज त्यानें कोणाचें नुकसान होत नाहीं. फार तर दोन गुण वाढतात. परंतु इब्सेनपुढें जे कागद आले त्यांतील आंकडे कोणीं मागच्या समजुतीस जुळतील असे बदलले असते तर? बावस्करांनीं आपल्या औषधाचा मान राहावा म्हणून आठाचे अठरा केले असते तर? आंकडा फिरविण्याची संवय वहींत लागते आणि ती माणसाबरोबर मोठी होते.

म्हणून ह्या वर्षीं एवढेंच करा. प्रयोगांत जो आंकडा आला तोच लिहा. तो पुस्तकाशीं जुळला नाहीं तर कां जुळला नाहीं तें शिक्षकांस विचारा. पालकहो, अशा मुलास दोन गुण कमी पडले तर त्यास रागें भरूं नका. कोण जाणे, एखाद्या रात्रीं तुमच्याआमच्यापैकींच कोणी त्या दारापलीकडें बेशुद्ध पडलेला असेल, आणि उशाशीं बसलेला अनोळखी वैद्य यंत्रावरील चांगल्या आंकड्यावर विश्वास न ठेवतां पुन्हां एकदां रोग्याकडे पाहत असेल. तो कोणत्या शाळेंतून आला, हें आपल्यास कधीं कळणार नाहीं. तो आपल्याच शाळेंतला असावा, एवढीच आमची इच्छा आहे.